आगरात गाढव पाळण्याविषयी मित्रास पत्र

गुहागर,
दि. १२ मे

प्रिय सदानंद,
सप्रेम नमस्कार.

कलमांच्या बागेतून हापूसच्या पेट्या पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, वर रस्त्यापर्यंत आणायला गडी मिळत नाहीत, तेव्हा गाढव घ्यावे की खेचर, असे तू विचारले आहेस. माझे मत आधीच सांगतो: खेचराच्या नादी लागू नकोस, गाढवेच घे, मात्र पावसाळ्याची सोय केल्यावरच घे.

खेचर ही गाढव आणि घोडी यांची संतती. घोडा आणि गाढवी यांच्यापासूनही पिल्लू होते, पण ते बहुधा लहान राहते. घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२, म्हणून खेचराच्या वाट्याला ६३ येतात. बीजपेशी तयार होताना त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत आणि जनावर वांझ राहते. हिमालयात लष्कराची रसद वाहणाऱ्या या प्राण्याविषयी मला नितांत आदर आहे, कारण घोडीचे आकारमान आणि गाढवाचा चिवटपणा त्याच्यात एकत्र आला आहे. पण तुझ्या आंब्यांच्या पेट्यांना एवढ्या थोराड जनावराची गरज नाही.

संकराची हौस मात्र फार जुनी. सीरियात उम्म अल-मर्रा येथे सापडलेल्या सुमारे ४५०० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांची जनुकीय तपासणी २०२२ साली प्रसिद्ध झाली आणि त्या काळी रथांना जुंपले जाणारे 'कुंगा' हे गाढवी आणि सीरियन रानगाढव यांचे अपत्य होते, हे कळले. ते रानगाढव विसाव्या शतकात नामशेष झाले. त्याचा भाऊबंद घुडखर कच्छच्या छोट्या रणात अजून आहे, कियांग हा दुसरा भाऊबंद लडाखच्या पठारावर आहे, आणि आपल्या पाळीव गाढवाचा पूर्वज आफ्रिकेतील रानगाढव. हे सगळे कुळ कोरड्या, उघड्या मुलखातले आहे. कोकणात गाढव आणायचे म्हणजे वाळवंटातले जनावर जून ते सप्टेंबर चिखलात उभे करायचे, ही गोष्ट कधी विसरू नकोस.

घोड्याच्या अंगावर थंडीत जशी दाट लव येते, तशी गाढवाच्या अंगावर येत नाही, आणि पाऊस त्याच्या केसांतून थेट कातडीपर्यंत मुरतो. त्याहून नाजूक गोष्ट खुरांची. आषाढात आमच्या गाढवीचा मागचा पाय उचलून पाहिला, तर तळव्याच्या मधल्या मऊ भागाशेजारच्या खाचेत काळा, चिकट, उग्र वासाचा गाळ साचलेला होता आणि बोट लावताच तिने पाय आखडून घेतला. तेव्हापासून गोठ्याची जमीन चिऱ्यांनी उंच केली, वाऱ्याच्या बाजूला विणलेल्या झावळ्यांची झापे बांधली आणि रोज संध्याकाळी खूर कोरून पुसण्याचा नेम ठेवला. चारा सुकाच दे. हिरवा आणि खुराक जास्त झाला की गाढव लठ्ठ होते आणि पायांनी अधू होते.

त्याला हट्टी म्हणतात, हे मला मनापासून अन्यायाचे वाटते. घोडा भ्यायला की उधळतो. गाढव जागीच थांबून अंदाज घेते. आमची गाढवी शेवाळलेल्या पाखाडीपाशी थांबली, तर मी आधी पायरी तपासतो आणि मगच तिला पुढे घेतो. पाठीवर पन्नास किलोंच्या वर ओझे घालू नकोस आणि पालाणाच्या दोन्ही बाजूंचे वजन सारखे ठेव. दुखणे ते फार उशिरापर्यंत दाखवत नाही, म्हणून त्याने वैरण सोडली तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलाव, कारण उपाशी गाढवाच्या रक्तात चरबी उतरून ते काही दिवसांत दगावू शकते. जोडीदार गेल्यावरही ते असेच चारा सोडते. तेव्हा घेशील तर दोन घे, आणि विकायची वेळ आलीच तर दोन्ही एकत्र दे.

देशातली गाढवे २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ३ लाख २० हजार होती, ती २०१९ मध्ये सुमारे १ लाख २० हजारांवर आली. वीटभट्ट्यांवर आणि वाळूवर त्यांची जागा यंत्रांनी घेतली, कातड्यासाठीही ती चोरून देशाबाहेर गेली. चांगली जोडी मिळणे म्हणूनच दिवसेंदिवस अवघड होणार आहे.

या पावसाच्या तोंडावर घाई करू नकोस. गोठा आधी बांध, एक पावसाळा त्यात पाणी शिरते का ते पाहा, आणि पौष पौर्णिमेला जेजुरीला गाढवांचा बाजार भरतो, तिथे आपण दोघे मिळून जाऊ. दात आणि खूर मी पाहीन, भावाचे तू पाहा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक