आमच्या गल्लीतल्या कचऱ्याच्या गाडीवरच्या ताईंना

ताई,

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. नवी मुंबईतल्या नेरूळमध्ये सकाळी सव्वासातला आमच्या गल्लीत गाडी येते, एवढी ओळख पुरे.

बाबांना जाऊन दोन महिने झाले. त्यांची खोली आवरताना पलंगाखाली बोर्नव्हिटाच्या तीन बरण्या निघाल्या. झाकणांना चिकटपट्टी, आत इन्सुलिनच्या पेनाच्या सुया. शेकडो. शिवाय मुदत संपलेल्या गोळ्यांची पिशवी, पाऱ्याचा जुना थर्मामीटर आणि माळ्यावर दोन गेलेल्या ट्यूबलाइट. आई म्हणाली, "हे तेवढं नीट टाक हं." नीट म्हणजे कुठे, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

तीन आठवडे हे सामान स्कूटरच्या डिकीत घेऊन हिंडलो. मेडिकलवाला म्हणाला, गोळ्या फ्लश करा. (2025 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने फ्लश करायच्या 17 औषधांची यादी दिली, फेंटानिल, ट्रामाडोल या जबर वेदनाशामकांसारखी. त्यात बाबांच्या मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचं काय काम?) लॅबवाले म्हणाले, आम्ही फक्त आमच्याच सुया घेतो. एका कार्यालयात सकाळी साडेअकराला साहेब जेवायला गेले होते. आणि सोसायटीतले आमचे एक पदाधिकारी, जे दर गणपतीत माइकवरून स्वच्छतेचं महत्त्व सांगतात, ते म्हणाले, "काळ्या पिशवीत गाठ मारा आणि द्या सुक्यात ढकलून. कोण बघतंय?"

2016 च्या घनकचरा नियमांत सुया, जुनी औषधं, फुटका थर्मामीटर, ट्यूबलाइट यांना घरगुती घातक कचरा म्हटलं होतं आणि तो वेगळा द्यायला सांगितलं होतं. द्यायला मी तयारच होतो हो. घ्यायला कुणी तयार नव्हतं.

शेवटी ओशाळतच तुमच्या गाडीपाशी आलो. तुम्ही बरण्यांकडे पाहिलंत आणि विचारलंत, "काका गेले?"

मला काही बोलताच येईना. मग तुम्हीच सांगितलंत. चार वर्षांपूर्वी बाबांच्या कचऱ्यातली सुई हातमोज्यातून आरपार तुमच्या अंगठ्यात गेली होती. तुम्ही आरडाओरडा केला नाहीत. दुसऱ्या दिवशी बाबा डबा घेऊन खाली आले तेव्हा नुसता अंगठा दाखवलात. मग रक्ताच्या तपासण्या, वाट बघणं, पुन्हा तपासण्या. "काका रोज विचारायचे, रिपोर्ट आला का. माझ्या नवऱ्याने नसेल विचारलं एवढं." सगळं चांगलं निघालं तेव्हा बाबांनी तुम्हाला शब्द दिला आणि तेव्हापासून सुया बरणीत जाऊ लागल्या. पहिल्या दोन त्यांनी स्वतः तुमच्या हातात दिल्या. पुढे जिना उतरणं बंद झालं आणि बाकीच्या वरच राहिल्या.

घरात आम्हाला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं, म्हातारपणी माणूस रिकाम्या बरण्याही सोडत नाही. मी एकदा त्यावरून त्यांना टाकून बोललोही होतो.

त्या सकाळी तुम्ही म्हणालात, "दादा, लाल खूण पाहिजे यावर. पुढच्या हाताला कळलं पाहिजे." मी धावत वर जाऊन मुलीचं नेलपेंट आणलं. तुम्ही हातमोजा काढलात आणि गाडीच्या फाळक्यावर बरण्या टेकवून तिन्हींवर फुल्या काढल्यात, चारी बाजूंनी. मागून रिक्षावाला हॉर्न देत होता. तुम्ही नेलपेंट वाळेपर्यंत फुंकर घालत होतात.

आणि बरण्या मागच्या डब्यात टाकल्या नाहीत. फडक्यात गुंडाळून पुढे ड्रायव्हरच्या पायाशी ठेवल्यात. मागे दाबाखाली फुटल्या तर तुर्भ्याला कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात जातील, म्हणालात. ती बाई तुमच्या ओळखीची नाही, हेही मी विचारून घेतलं.

ट्यूबलाइट मूळच्या खोक्यात घालून घेतल्यात, गोळ्या आणि थर्मामीटर वेगळा. बाबांचे शर्ट मात्र परत केलेत. चांगले आहेत, कचऱ्यात कशाला, बागेजवळच्या थ्री आर केंद्रात, जुन्या वस्तू दुसऱ्यांसाठी ठेवतात तिथे, ठेवा, कुणीतरी घालेल. ठेवले. निळा चौकड्यांचा तेवढा माझ्याकडे राहिला.

ताई, आमचं शहर स्वच्छ सर्वेक्षणात वर असतं, 2020 मध्ये देशात तिसरं आलं होतं, चौकाचौकात फलक लागले होते. त्या फलकांवर तुमचा अंगठा कुठे दिसला नाही. चांगली माणसं असतात, आपण त्यांना कचऱ्याची गाडी म्हणून हाक मारतो. मीही अकरा वर्षं तसंच म्हणत आलो.

आईलाही आता इन्सुलिन सुरू झालंय. लोणच्याची बरणी धुऊन ठेवली आहे, नेलपेंट शेजारीच. भरली की मीच घेऊन खाली येतो, सव्वासातला.

तुमच्या काकांचा मुलगा