नानांना पत्र: इंजिन आहे तेच ठेवतेय

ब्राउनश्वाइग, जर्मनी
नोव्हेंबर

ती. नानांना शि. सा. नमस्कार.

दादानं तुमचा निरोप दिला होता आणि परवा फोनवर तुम्हीही तेच म्हणालात, "मोठं इंजन टाकी दे ना माय, कटकट मिटी जाई." आवाज सारखा तुटत होता, आणि हा विषय दोन मिनिटांत उरकण्यासारखाही नाही. म्हणून सविस्तर लिहितेय.

गाडी १९९० ची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय, दुसऱ्या पिढीची. लांबीला स्विफ्टपेक्षा थोडीच मोठी, वजन साधारण एक टन. इंजिन पेट्रोलचं, १७८१ सीसी, चार सिलेंडर, आठ व्हॉल्व्ह, १०७ हॉर्सपॉवर. बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास, ८१ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ८६.४; धाव व्यासापेक्षा लांब. एवढ्यावरूनच तुमच्या लक्षात आलं असेल की हे इंजिन कमी आरपीएमलाच, खालूनच ओढतं. इथून दक्षिणेला हार्त्सचे डोंगर आहेत. बाड हार्त्सबुर्गहून टोर्फहाउसला चढणारा रस्ता आपल्या कन्नड घाटाइतका नागमोडी नाही, पण चढ लांबलचक आहे. तिथं तिसऱ्या गिअरवर गाडी कुठं कण्हत नाही की थरथरत नाही. पाय थोडा दाबला की निघते.

आता दुखणं काय ते सांगते. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येतो आणि मग बंद होतो. कॉम्प्रेशन तपासलं, चारही सिलेंडर ११ बारच्या आसपास आणि एकमेकांना धरून आहेत. म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक आहेत, तेल वरून, व्हॉल्व्हच्या बाजूनं उतरतंय. तासाच्या भाड्यानं लिफ्ट मिळते असं एक गॅरेज इथं आहे. तिथं एक व्हॉल्व्ह सील, म्हणजे तेल खाली उतरू न देणारं रबर, काढून पाहिलं. रबर इतकं कडक झालंय की नख रुतत नाही. वाकवलं तर आतल्या ओठावरच्या बारीक चिरा उघडतात आणि कडेचा तुकडा बोटावर निघून येतो. व्हॉल्व्हच्या दांड्यावर काळा थर आहे, पण दांडा सरळ आहे, गाइडमध्ये खेळ जाणवत नाही. एवढ्यासाठी अख्खं इंजिन बदलायचं का, हा माझा प्रश्न आहे.

दादाचं मन फोक्सवॅगनच्याच व्हीआर सिक्स इंजिनावर आहे. ते इंजिन खरंच सुंदर आहे. २७९२ सीसी, सहा सिलेंडर, दोन रांगांमध्ये फक्त १५ अंशांचा कोन, त्यामुळे सहाही सिलेंडरांना मिळून एकच हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात तो वरचा भाग. एवढं इंजिन गाडीच्या नाकात आडवं मावावं म्हणून ही सगळी रचना. ओळखीतल्या एकाची तिसऱ्या पिढीची गोल्फ आहे, त्यात हे १७४ हॉर्सपॉवरचं इंजिन मूळचंच आहे. चालवून पाहिली. आवाज ऐकून अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. पण वळणावर नाक बाहेर पळतं, कारण सगळं वजन पुढच्या चाकांवर. माझी गाडी वळणात हलकी आहे, आणि मला ती त्याचसाठी आवडते.

शिवाय इंजिन एकटं येत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत? आपल्या पेट्रोलच्या जीपमध्ये तुम्ही प्यूजोचं डिझेल इंजिन बसवलंत, मग पुढचा पाटा बसायला लागला म्हणून एक पान वाढवलंत, माउंटिंगा पुन्हा वेल्ड केल्या आणि शेवटी आरसी बुकात नोंद. इथंही तसंच. व्हीआर सिक्स घेतलं की त्याला पेलणारा गिअरबॉक्स आला, वायरिंग आलं, रेडिएटर, सायलेन्सर, मोठे ब्रेक आले. मग तपासणी करणाऱ्या इंजिनिअरसमोर हे सगळं सिद्ध करून कागदावर चढवायचं, धुराचं प्रमाणही आधीपेक्षा वाईट चालत नाही. गाडी ३० वर्षांची झाली आणि मूळ रूपात जपलेली असली तर इथं नंबराच्या शेवटी 'एच' अक्षर मिळतं आणि वर्षाचा कर सरसकट १९१.७३ युरो. फेरफार त्या काळाला साजेसे असतील तरच चालतात. १.८ टर्बो इंजिनाचा पर्याय दादानं सुचवला, तो इथंच अडायची भीती. ते इंजिन या पिढीच्या गोल्फमध्ये कधी आलंच नाही.

मला खरा मोह झाला तो सोळा व्हॉल्व्हचा. ब्लॉक तोच, बोअर-स्ट्रोक तोच, फक्त हेड वेगळं, आणि १२९ हॉर्सपॉवर. ४००० आरपीएमच्या वर ते जे सुटतं ते आठ व्हॉल्व्हला जमत नाही. पण त्यात बेल्ट फिरवतो एक्झॉस्टची कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), आणि तिच्यावरून चेननं इनटेकची फिरते. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर. आणि खरं सांगायचं तर मी रोज ज्या रस्त्यावरून जाते तिथं ४००० च्या वर जायची वेळ क्वचित येते. मला २५०० वर ओढ हवी आहे, ती आहेच.

तेव्हा ठरलं. इंजिन हेच ठेवायचं. इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, पत्रा खातं, त्यामुळे गाडी मार्चपर्यंत उभीच राहील. तेवढ्यात हेड उतरवून सगळी सीलं, हेड गॅस्केट, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप नवीन घालते. टॅपेट हायड्रॉलिक आहेत, म्हणजे फीलर गेज लावून व्हॉल्व्हची फट मोजायचं काम नाही.

आईचा गुडघा कसा आहे ते वेगळं कळवा, ती फोनवर "बरंय" एवढंच म्हणते. भरताची वांगी बाजारात आली असतील. दादाला सांगा, फोटो पाठवून मला छळू नकोस.

आता तुमच्याकडून एक हवंय. व्हॉल्व्ह जिथं टेकतात त्या सीटा पेस्ट लावून हातानंच घासून लॅप करू, की मशीनवर कापून घेऊ? एक्झॉस्टच्या दोन सीटांवर बारीक खड्डे आहेत, बाकीच्या स्वच्छ दिसतात. फोटो दादाच्या फोनवर टाकलेत, चष्मा लावून मोठे करून बघा. हेड डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मशीनवाल्याकडे द्यायचंय, त्याआधी सांगा.

आपली लेक