‘सरकार’ लिहिलं की कर्सर पडतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या करिअर पुरवणीत मागच्या आठवड्यात कॉम्प्युटरवाल्या पोरांसाठी लेख आला होता, त्यात एका वाक्यात उरकून टाकलंय की टर्मिनलमधले (म्हणजे नुसत्या अक्षरांच्या काळ्या खिडकीतले, माउसशिवाय चालणारे) व्हीआय आणि त्याचा सुधारलेला भाऊ व्हिम यांसारखे मजकूर लिहायचे एडिटर म्हणजे म्युझियममधला माल, त्यात वेळ घालवू नका. मी सतरा-अठरा वर्षं सर्व्हर सांभाळायचं काम करतोय, दिवसातले चार तास तरी त्या म्युझियममधेच जातात, म्हणून राहवलं नाही.

लेखकाला सगळा दोष देत नाही, कारण कॉलेजात हा विषय शिकवतात तसा शिकवल्यावर कुणालाही तेच वाटेल. माझा भाचा बीएस्सी कॉम्प्युटर करतोय. त्याला परीक्षेत प्रश्न होता, व्हीआयचे मोड (टाइप करायची अवस्था वेगळी, कमांड द्यायची वेगळी) आकृतीसह स्पष्ट करा, मार्क 5. पठ्ठ्याने चौकोन-बाण काढून साडेचार मिळवले. मग दिवाळीत घरी आला तेव्हा म्हटलं हा घे जुना लॅपटॉप, उबुंटू आहे, ही फाइल उघड आणि दोन ओळी बदल. त्याने टायपिंग सुरू करायचा आय दाबला, टाइप केलं, खाली जायला बाणाची की दाबली तर वर एक नवीनच ओळ उघडली आणि तिच्यात कॅपिटल बी. परत दाबली, परत बी. चौथ्या बी ला मला म्हणतो, मामा व्हायरस आहे का यात?

व्हायरस कसला. उबुंटूवर सुरुवातीला व्हिमची बारकी आवृत्ती असते आणि ती जुन्या व्हीआयसारखी वागते. बाणाची की दाबली की टर्मिनल तीन अक्षरं पाठवतं, एस्केप, कॅपिटल ओ आणि कॅपिटल बी. जुन्या व्हीआयच्या हिशोबाने एस्केप म्हणजे टायपिंगमधून बाहेर ये, ओ म्हणजे वर नवी ओळ उघड, आणि मग राहिला बी तो त्या ओळीत टाइप झाला. म्हणजे बिचारा एडिटर सांगितलं तेच करत होता. सेटिंगच्या फाइलमधे ‘सेट नोकम्पॅटिबल’ एवढं लिहिलं की संपलं. पण यातलं काही त्या साडेचार मार्कांच्या आकृतीत नव्हतं, आणि हे एकदा समजलं ना की मोड म्हणजे काय हे वेगळं सांगावंच लागत नाही.

कर्सर हलवायला बाणांऐवजी एच, जे, के, एल का, हाही त्याचा प्रश्न होता. बिल जॉयने 1976 च्या सुमारास बर्कलीला व्हीआय लिहिला तेव्हा त्याच्याकडे एडीएम-थ्रीए नावाचा टर्मिनल (तेव्हा टर्मिनल म्हणजे स्क्रीन आणि कीबोर्डचं यंत्रच) होता, त्याच्या कीबोर्डवर याच चार अक्षरांवर बाण छापलेले होते, आणि एस्केप की आज टॅब असते तिथे होती, करंगळीशेजारी. शिवाय घरून 300 बॉडच्या मोडेमवर काम, म्हणजे सेकंदाला साधारण 30 अक्षरं. 24 ओळींचा स्क्रीन पुरा भरून यायला मिनिट लागायचं. अशात माणूस एकेका अक्षराची कमांड करणार नाहीतर काय करणार? आम्हाला आजही रात्री गावाकडच्या रेंजवर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून सर्व्हरला जोडावं लागतं तेव्हा त्या काटकसरीची किंमत कळते, माउसवाला एडिटर तिथे नुसता गोल फिरत बसतो.

आता खरी गंमत, जी कुणी शिकवत नाही. या कमांड पाठ करायच्याच नसतात, जोडायच्या असतात. सी म्हणजे बदल, आय म्हणजे आतलं, मग अवतरणचिन्ह. सी-आय-अवतरण दाबलं की अवतरणातला मजकूर उडतो आणि तुम्ही नवीन टाइप करायला मोकळे. सी च्या जागी डी टाका, नुसतं पुसलं जाईल. अवतरणाच्या जागी कंस टाका, कंसातलं जाईल. आणि वर पूर्णविरामाची की, ती शेवटचा बदल परत करते. मागच्या महिन्यात एका कॉन्फिग फाइलमधे चौदा ठिकाणी जुना पत्ता होता, शब्द शोधला, पहिला हाताने बदलला, पुढे एन (म्हणजे पुढचा सापडलेला) डॉट एन डॉट करत गेलो, मधल्या दोन ठिकाणी तो पत्ता तसाच ठेवायचा होता तिथे नुसता एन. भाचा बघत होता, म्हणाला हे तर पेटी वाजवल्यासारखं आहे.

आणि मग त्याने व्हायचं तेच केलं. नेटवरून कुणाचा तरी निओव्हिमचा अख्खा सेटअप उचलून आणला (निओव्हिम म्हणजे 2014 मधे व्हिमपासून वेगळी निघालेली शाखा, तिची सेटिंग लुआ भाषेत लिहिता येते), चाळीसेक प्लगइन (वरून जोडायच्या जादा सोयी), रंग बिंग झकास, आणि एक एरर आला की त्याला स्वतःच्याच एडिटरचं काही कळेना. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून पेपर वाचल्यासारखं. माझी सेटिंगची फाइल इतक्या वर्षांत चाळीस ओळींच्या वर गेली नाहीये. ओळींचे नंबर, शोधताना लहान-मोठ्या लिपीचा भेद नको, टॅबऐवजी चार स्पेस, आणि फाइल बंद करून उद्या उघडली तरी अनडू शिल्लक राहायला ‘अनडूफाइल’. प्रत्येक ओळ कधीतरी काहीतरी अडलं म्हणून आलीये.

त्यातल्या मराठीच्या ओळींसाठी मात्र मी सपशेल आपटलोय ते सांगतो. आमच्या सोसायटीची इतिवृत्तं मी व्हिममधेच लिहितो, कीबोर्ड इन्स्क्रिप्ट, म्हणजे कुठल्या कीवर कुठलं मराठी अक्षर याची ठरलेली मांडणी. आता कॉम्प्युटरची भाषा मराठी ठेवली की एस्केप मारल्यावर एच जे के एल च्या जागी प र क त जातं आणि व्हिम ढिम्म. दर वेळी भाषा बदला, परत बदला, वैताग. उपाय व्हिममधेच आहे, कीमॅप. कॉम्प्युटर इंग्रजीतच ठेवायचा आणि कुठल्या कीला कुठलं अक्षर याची साधी यादी करून व्हिमला द्यायची, मग टाइप करताना मराठी आणि कमांड देताना इंग्रजी आपोआप. मधेच इंग्रजी शब्द आला तर कंट्रोल सहा. साठ-सत्तर ओळींची यादी, एका रविवारी झाली.

सोमवारी इतिवृत्तात ‘महाराष्ट्र सरकार’ लिहायला गेलो तर ‘महाराष्ट्र स’ वर गाडी थांबली आणि कर्सर खालच्या ओळीत. परत तेच. ‘फरक’ लिहिलं, तिथेही तेच. अर्धा तास डोकं खाजवल्यावर पेटली. एस्केप लांब पडते म्हणून मी कधीकाळी जे-के लागोपाठ दाबलं की एस्केप अशी सोय करून ठेवली होती, इंग्रजीत जे नंतर के सहसा येत नाही. पण इन्स्क्रिप्टमधे जे म्हणजे र आणि के म्हणजे क! सरकारातलं ‘रक’ आलं की एडिटर टायपिंगमधून बाहेर, पुढचा काना म्हणजे ई, तो कर्सर शब्दाच्या शेवटी नेतो, आणि शेवटचा र म्हणजे जे, एक ओळ खाली. तेव्हापासून ती सोय काढून टाकली आणि कॅप्स लॉकलाच एस्केप केलं.

अजून एक, व्हिममधलं ‘डेलकम्बाइन’ हे सेटिंग चालू करून ठेवा. नाहीतर ‘मि’ ची वेलांटी चुकली म्हणून बॅकस्पेस मारला तर म सकट सगळं जातं, चालू असेल तर फक्त वेलांटी. काही टर्मिनलमधे जोडाक्षरं तुटकी दिसतात हे मात्र खरंय, ते व्हिमच्या हातात नाही.

हा व्हिम ब्राम मोलेनार नावाच्या डच माणसाने 1991 मधे आमिगा कॉम्प्युटरसाठी पहिल्यांदा बाहेर काढला, पुढे तीस वर्षं सांभाळला, फुकट दिला आणि उघडल्या उघडल्या काय दाखवलं तर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. 3 ऑगस्ट 2023 ला वयाच्या 62 व्या वर्षी गेला. मराठी पेपरात कुठे चार ओळी आल्या असतील तर माझ्या वाचनात नाहीत, पुरवणीत त्या द्यायला अजूनही हरकत नाही.

भाच्याच्या फाइलमधे सध्या सात ओळी आहेत. आठवी कुठली टाकू म्हणून काल फोन आला होता, म्हटलं काय अडलंय ते सांग, तर म्हणे अजून काही अडलं नाहीये. मग राहू दे म्हटलं.

कळावे,
एक जुना वाचक, डोंबिवली

ता. क. पत्र युनिकोडमधे आहे. तुमच्या फॉण्टमधे घेताना रफार उडतात, मागच्या वेळी माझ्या ‘वर्गणी’ची ‘वगणी’ छापून आली होती. यात कर्सर बऱ्याच वेळा आलाय, तेवढं बघा.