गाडी घेताना आधी तेल बघ

मस्कत, शुक्रवार, रात्र

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

गाडी घ्यायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. जांबोटीकडचा तो पाऊस अंगावर घेत तू चार वर्षं स्कूटीवरून शाळेला जातेस, याची मला इथे सतत काळजी लागायची. बाबांनी दोन गाड्यांचे फोटो पाठवलेत, एक बेळगावची डिझेल स्विफ्ट आणि दुसरी कोल्हापूरच्या आत्यांनी सुचवलेली पेट्रोल. रंगरूपाला दोन्ही छान आहेत. पण फोटोत इंजिन कळत नाही, म्हणून हे लिहितोय. बाबांनाही वाचून दाखव.

बाबांचा ओढा डिझेलकडे का आहे ते मला कळतं. ते १.३ लिटरचं इंजिन मूळ फियाटचं, मल्टिजेट. मारुतीने आणि टाटाने ते कितीतरी गाड्यांत बसवलं. एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे कडक नियम, लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल बंद केलं, तरी पार्ट अजून मिळतात. इंजिन दणकट आहे. पण ते रोज लांब पळणाऱ्या माणसाचं. तुझं जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. एक लाख तीस हजार किलोमीटर झालेल्या गाडीचा टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) नाहीतर इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) गेला, तर डिझेलवर दोन वर्षांत वाचवलेले पैसे गॅरेजच्या एका फेरीत जातील. नवीन बीएस-६ डिझेल दाखवली तर तीही नको. तिच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, ती स्वच्छ व्हायला गाडी मधूनमधून हायवेला बराच वेळ पळावी लागते. गावातल्या गावात फिरली की तुंबते.

तुझ्यासाठी टर्बो नसलेलं, साधं चार सिलिंडरचं १.२ पेट्रोल बघ. मारुतीचं के-सिरीज, ह्युंदाईचं कप्पा, होंडाचं आय-व्हीटेक, तिन्ही मला पसंत आहेत. तिन्हींत टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला, चेन असते. जुन्या ८०० सीसीच्या अल्टोत बेल्ट असतो. तो वेळेवर बदलावा लागतो आणि बदलल्याचं बिल मागून घ्यावं लागतं. चेन असली तरी तीही तेलावरच जगते, आणि मला खरं सांगायचंय ते याच तेलाबद्दल.

बेळगावच्या उद्यमबागेत मी क्रँक ग्राइंडिंगला, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा घासायच्या कामाला, होतो ते तुला आठवत असेल. एकदा चिकोडीकडच्या एका माणसाचं इंजिन आलं. जुनी गाडी घेऊन तीन आठवडे झाले होते आणि आतून ठोके यायला लागले होते. विकणाऱ्याने घट्ट तेल भरून आवाज दाबला होता. क्रँक माझ्या हातात आला तेव्हा जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा त्याचा गुळगुळीत भाग, तापून निळा पडला होता. नख फिरवलं की चरांत अडकायचं. बेअरिंगचा पांढरा थर निघून खालचं तांबं उघडं पडलं होतं. आम्ही घासून पाव मिलिमीटर बारीक (अंडरसाइज) करून दिलं, पण खर्चाचा तोच आकडा दोनदा विचारणाऱ्या त्या माणसाचा चेहरा मी विसरलो नाही. त्या गाडीचा मीटर फक्त पंचावन्न हजार दाखवत होता. म्हणून किलोमीटरचा आकडा ऐकून हुरळू नकोस. वेळेवर तेल बदललेली, लाख किलोमीटर झालेली गाडी मी डोळे मिटून घेईन.

गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि आधीच सांगून ठेव की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर तिथेच थांब, दुसऱ्या दिवशी जा. चेनची खडखड, निळा धूर, हे सगळं थंड इंजिन चालू होतानाच दिसतं, तापलं की लपतं. चालू करायच्या आधी तेलाची पट्टी काढून पुसून पुन्हा बघ. काळं तेल चालेल, पण दोन बोटांत चोळल्यावर कचकच लागता कामा नये. तेलाच्या झाकणाखाली ताकासारखा थर दिसला तर घाबरू नकोस, आपल्याकडच्या पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत वाफेनेही तो येतो. तसाच थर पट्टीवरही असेल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी असेल, तर मात्र पाणी तेलात उतरलंय. ती गाडी सोडून द्यायची. कूलंटचं झाकण थंड असतानाच उघड. आत गंजलेलं पाणी दिसलं तर समज, मालकाने नळाचं पाणी घालून दिवस काढलेत. इथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि माझ्याकडे येणाऱ्या इंजिनांत कूलंटकडे दुर्लक्ष झालेलीच जास्त असतात.

मग गाडी चढाला न्या. निपाणीकडे गेलात तर तवंदी घाटाला, एसी लावून, तिसऱ्या गिअरमध्ये. तापमानाचा काटा मधोमध राहिला पाहिजे. वर थांबून इंजिन चालूच ठेवा आणि तेलाचं झाकण सैल करून बघा. भकाभक वाफ बाहेर ढकलत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. सौदा ठरण्याआधी गॅरेजमध्ये कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. चारही सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. याचे पैसे लागले तर मी देतो, पण हे चुकवायचं नाही.

आत्यांच्या गाडीबद्दल. एमएच-०९ ची, म्हणजे कोल्हापूरच्या नंबरची गाडी आपल्याकडे खानापुरात आणायची तर कोल्हापूर आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) लागेल. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवली की नवीन नंबर घ्यावाच लागतो आणि कर्नाटकाचा आजीव कर भरावा लागतो. महाराष्ट्रात भरलेल्यातला उरलेला कर परत मागता येतो, पण त्यासाठी अर्ज आणि खेपा आल्या. तिकडे गाडी स्वस्त वाटते ती हे सगळं न धरता. किमतीत कर मिळवून केए-२२ च्या, म्हणजे बेळगावच्या नंबरच्या गाडीशी ताडून बघ, आणि आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबरशी जुळतो का तेही स्वतः वाच. आत्यांना वाईट वाटणार नाही, मी बोलतो त्यांच्याशी.

आणखी एक. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आपल्या जिल्ह्यातल्या उसापासूनही ते इथेनॉल बनतं. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. ॲव्हरेज थोडं कमी पडेल ते पड दे, पण गाडी घेतल्या घेतल्या इंधनाचे रबरी पाइप बघून घे, कडक झाले असतील तर बदल. पेट्रोलचा वास आला की गाडी पुढे नेऊ नकोस.

आवाज फोनवर पाठवू नकोस, फोनवर ठोका नीट येत नाही. उद्यमबागेतल्या मामांना बरोबर ने. ते लांब स्क्रू ड्रायव्हर ब्लॉकला टेकवून कानाने ऐकतात, त्यांच्याकडूनच मी शिकलो. ते हो म्हणाले तरच टोकन दे. पट्टीचा फोटो मात्र मला पाठव, त्यासाठी जागा राहतो.

आई-बाबांना नमस्कार. आईला सांग, पुढच्या सीटवर तीच बसायची.

तुझा,
दादा