दोष नेहमी सर्व्हरचाच नसतो

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

ऑनलाइन सेवेत गोंधळ झाला की ‘सर्व्हर डाउन’ एवढे सांगून विषय मिटवला जातो आणि बातमीतही तेच छापून येते. या क्षेत्रात काम करणारा म्हणून आमच्याच हातून झालेली एक चूक येथे मांडतो.

कांद्याच्या हंगामात गाड्यांना टोकन देणारी प्रणाली आम्ही एका ग्राहकासाठी केली होती. दोन सर्व्हरपैकी टोकन कोणी द्यायचे, हे झूकीपर या, अनेक सर्व्हरमध्ये ताळमेळ राखणाऱ्या प्रणालीतील कुलूप (एका वेळी एकालाच मिळणारा हक्क) ज्याच्या हाती त्यावर ठरे. एका पहाटे दोन गाड्यांना ११७ हाच क्रमांक मिळाला आणि दोन्ही चालक चिठ्ठ्या नाचवत फाटकावर भांडू लागले. सर्व्हर मात्र दोन्ही व्यवस्थित सुरू होते.

झूकीपरच्या जावा क्लायंटमध्ये (आमच्या सर्व्हरवरून झूकीपरशी बोलणाऱ्या भागात) घटनांचे कॉलबॅक, म्हणजे काही घडले की आपोआप चालणारा कोड, एकाच थ्रेडवर (प्रोग्राममधील कामाच्या एका धाग्यावर), एकामागून एक चालतात आणि आम्ही त्या कॉलबॅकमध्येच डेटाबेसमधून मोठी यादी वाचत बसलो होतो. तोलाराने काटा सोडून पोती वाहायला घेतली, तर रांग खोळंबणारच! नेमके तेव्हाच पहिल्या सर्व्हरचे झूकीपरशी असलेले नेटवर्क तुटले. संपर्क तुटल्याची सूचना रांगेत अडकून पडली. तिकडे मुदत उलटल्याने झूकीपरकडील त्याचे सत्र (चालू जोडणीची नोंद) रद्द झाले, कुलूप सुटून दुसरा सर्व्हर प्रमुख झाला, आणि पहिलाही स्वतःला प्रमुख समजून टोकने देत राहिला.

त्यात ‘मीच प्रमुख’ हे सांगणारे चल एक थ्रेड लिहीत होता, दुसरा वाचत होता, आणि ते व्होलाटाइलही (बदल सर्व थ्रेडना दिसावा म्हणून जावात करायची घोषणा) नव्हते; अशा वेळी एकाने केलेला बदल दुसऱ्याला दिसेलच, याची हमी जावा देत नाही. अर्थात व्होलाटाइल करूनही ते चल तपासणे आणि टोकन देणे यांमधील फट उरतेच. आता आम्ही कॉलबॅकमध्ये केवळ नोंद घेऊन काम वेगळ्या थ्रेडकडे सोपवतो आणि संपर्क तुटताच, सत्र संपल्याच्या निरोपाची वाट न पाहता, टोकन देणे थांबवतो. शिवाय प्रत्येक नव्या प्रमुखाला चढता क्रमांक मिळतो व जुन्या क्रमांकाने आलेली नोंद डेटाबेसच नाकारतो. मला हाच उपाय सर्वांत भरवशाचा वाटतो.

आमच्याकडे मुलाखतीस येणाऱ्या बहुतेक मुलांनी थ्रेड एकाच संगणकावर पाहिलेले असतात. सोलापुरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी प्रयोगशाळेत तीन संगणकांवर झूकीपर चालवून, चालू कामात एकाची तार विद्यार्थ्यांना काढायला लावावी, अशी विनंती आहे. उरलेल्या दोघांवर झूकीपर चालूच राहतो. जे बिघडेल, ते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कोडमध्ये सापडेल.

आपला,
एक संगणक अभियंता, जुळे सोलापूर