शॉकअप बदलून गाडी उचलत नाही

मा. संपादक,

जुनी गाडी मागून बसली की 'शॉकअप टाका नवे' असे सर्रास सांगितले जाते. बहुतेक वेळा तो पैसा वाया जातो. वजन तोलतात ते पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या) किंवा स्प्रिंग. साधा तेलाचा शॉकअप फक्त उसळी आवरतो. गळत असेल तर बदला, पण त्याने उंची वाढणार नाही.

आधी टेप घ्या. सपाट जागा, डिकी रिकामी, टायरमध्ये हवा नीट. मागचा बंपर दोन-तीनदा दाबून सोडा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना मोजा. जमिनीपासून मोजले तर टायरची झीजही मापात येते. सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर शोध घ्यायलाच हवा.

पद्मिनी, अॅम्बेसेडर, ओम्नीला मागे पाटे आहेत. तडा बहुधा सेंटर बोल्टच्या (पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) भोकापाशी जातो आणि चिखलाखाली दडतो. तारेच्या ब्रशने घासल्याशिवाय दिसत नाही. सेंटर बोल्टच तुटला असेल तर एक्सल (दोन्ही मागची चाके जोडणारा आस) सरकतो. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर दोन्ही बाजूंना वेगळे भरते.

गाडी एका कुशीवर कललेली असेल तर दोष पुढच्या स्प्रिंगचाही असू शकतो. या तिन्ही गाड्यांत तो ओळखणे सोपे आहे. पुढच्या चाकांना ठोकळे लावा (हँडब्रेक मागच्या चाकांचा, त्याचा इथे उपयोग नाही) आणि डिफरन्शियलच्या (मागच्या एक्सलवरच्या गोल फुगवट्याच्या) मधोमध जॅक लावून मागची चाके जेमतेम उचला. गाडी सरळ झाली तर दोष मागे, कललेलीच राहिली तर पुढे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मात्र शिरू नका.

१९८६ नंतरच्या मारुती ८०० ला मागे कॉइल स्प्रिंग आहे. तिचा खालचा वेढा तुटून बैठकीतच (स्प्रिंग जिच्यावर टेकते त्या वाटीतच) पडून राहतो, वरवर पाहून कळत नाही. कोकणच्या खाऱ्या हवेत कधी बैठकच गंजून खचते. मग नवी स्प्रिंग टाकूनही फरक पडत नाही.

सीएनजीचे ६० लिटरचे लोखंडी सिलिंडर रिकामेच ६० किलोच्या आसपास भरते, म्हणजे डिकीत एक माणूस कायमचा बसलेला. त्यावर वेढ्यांत रबर कोंबणे ही पळवाट आहे: रबराने जखडलेला वेढा काम करत नाही, सगळा ताण उरलेल्यांवर येतो. पाटे ठोकून चढवलेली कमानही फार दिवस टिकत नाही. जास्त भाराची स्प्रिंग किंवा नवे पाटे टाका, तेही जोडीनेच. पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा आणि हेडलाइटचा झोत नव्याने लावून घ्या.

– एक मोटार मेकॅनिक, रत्नागिरी