सूचना : उत्तरेची भिंत, कूलर आणि रविवारचा वर्ग

सर्व सभासदांना नमस्कार.

मागच्या खोलीतल्या उत्तरेच्या भिंतीला पोपडे आलेत. दोष पावसाचा नाही, कूलरचा. खिडकीला चिकटवून ठेवलेल्या कूलरमधून पाणी झिरपत राहिलं आणि गिलावा फुगला. बोट लावलं की चुना पिठासारखा हाती येतो. दोन जलरंग चित्रांवर बुरशीचे ठिपके पडलेत. त्यातलं एक माझंच, म्हणून जरा जास्त बोलतोय.

आपला वाडा चुन्यात बांधलेला आहे. चुना ओल शोषतो आणि बाहेर सोडतो. वरून सिमेंट थापलं तर ओल आतच कोंडते आणि भिंत आणखी खराब होते. म्हणून ‘एक पोतं सिमेंट आणून भागवू’ ही सूचना प्रेमाने नाकारली आहे. शनिवारी चुन्याचे कारागीर येताहेत.

शुक्रवारी संध्याकाळी ६ पर्यंत आपापली चित्रं आणि ईझल (चित्र ठेवायचा स्टँड) माडीवर न्या. जिन्याची तिसरी पायरी हलते, जपून. नवे खिळे ठोकू नका, चित्रं लाकडी पट्टीलाच टांगा.

जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा कोपऱ्यात फेकू नका. तो आतून तापून आपोआप पेट घेतो, आणि वर सागवानी छत आहे! चिंध्या पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यातच टाका.

रविवारचा वर्ग अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या १८६३ च्या मध्यवर्ती संग्रहालयात. सकाळी ११ वाजता फाटकापाशी भेटू. फक्त पेन्सिल आणि वही आणा, रंग नकोत.

कूलर हलवायला दोघं हवेत. एक मी आहे.